खाडीच्या पाण्याचा नमुना: पंचांगापासून रिपोर्टपर्यंत

माहीमच्या खाडीच्या तोंडाशी मी पहिल्यांदा बाटली बुडवली ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना. सकाळी साडेसहाला घेतलेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ शून्य आला. त्याच दगडावर उभं राहून दुपारी बाराला घेतलेल्या पाण्यात तो लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर गेला. दोन दिवस मी मीटरला शिव्या घातल्या, सेल बदलले, प्रोब धुतला. तिसऱ्या दिवशी जाळं विणत बसलेल्या एका काकांनी सहज विचारलं, "सुकतीचं घेतलंस का भरतीचं?" सुकती म्हणजे ओहोटी. मला उत्तर देता येईना, कारण वहीत ते लिहिलेलंच नव्हतं. नमुने घेतले त्या दिवशी पौर्णिमा होती, हेही नव्हतं.

हा लेख ज्यांना प्रकल्पासाठी, संस्थेसाठी किंवा नव्या नोकरीत समुद्राचं पाणी रासायनिक तपासणीसाठी गोळा करायचं आहे त्यांच्यासाठी. उदाहरणं मुंबई-ठाण्याची आहेत, पण रत्नागिरी, मालवण, पणजीलाही बरंचसं तसंच चालेल. प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही महागडं असो, आकडा चुकतो तो बहुतेक वेळा किनाऱ्यावर. म्हणून मीही जास्त वेळ किनाऱ्यावरच घालवणार आहे.

१. आधी प्रश्न ठरवा, मग जागा

"पाणी प्रदूषित आहे का?" हा प्रश्न नव्हे. त्यातून चाळीस घटकांची यादी आणि परवडणार नाही असं बिल निघतं. प्रश्न असा हवा: या नाल्याचं सांडपाणी किनाऱ्यावर किती लांब जातं? विसर्जनानंतर धातू वाढतात का? पावसाळ्यात अमोनिया उतरतो का?

जागा कमीत कमी तीन घ्या: सांडपाणी येतं ती, त्याच्या पुढची, आणि तुलनेसाठी जरा स्वच्छ अशी. मिठी नदी पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमला समुद्राला मिळते. तिथे तुम्ही कॉजवेवर उभे राहिलात तर नदी तपासताय की समुद्र, हे घड्याळ ठरवतं. वांद्रे आणि वरळीचं सांडपाणी मात्र समुद्राखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून आत नेऊन सोडतात. त्याचा अंदाज दादर चौपाटीवर बादली बुडवून येणार नाही, होडीच लागेल.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किनाऱ्यावर आणि खाड्यांत ठरावीक ठिकाणी नियमित नमुने घेतं आणि निष्कर्ष संकेतस्थळावर ठेवतं. ते आधी बघा. निदान एक जागा मंडळाच्या जागेशी जुळवलीत तर तुमचे आकडे पडताळायला काहीतरी हाताशी राहतं.

२. पंचांग उघडा

कोकणातल्या जुन्या माणसांना तिथीवरून भरतीची वेळ काढता येते. तिथीचा आकडा पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारच्या तोंडावर आणि ओहोटी साडेपाचच्या आसपास. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक वापरा. त्यात मुंबईची वेळ अपोलो बंदराची असते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते. ठाण्याला उभे असाल तर ते ध्यानात ठेवा.

मात्र हा हिशोब तोंडपाठ असलेला बरा, कारण त्यातून नवख्याच्या नजरेतून हमखास निसटणारी गोष्ट कळते. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत (पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला) ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमाराला) ऐन दुपारी. म्हणजे "आम्ही नेहमी सकाळी दहालाच नमुने घेतो" असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर त्यांनी दर वेळी वेगळं पाणी घेतलेलं असतं. घड्याळाची वेळ धरू नका, ओहोटीची धरा. माझा नेम साधा आहे: प्रत्येक जागी ओहोटीच्या शेवटच्या तासात एक आणि भरतीच्या शेवटच्या तासात एक नमुना, आणि महिन्यातून एकदा उधाणाला, एकदा भांगाला. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. खाडी धुऊन निघते ती उधाणालाच.

गणेशोत्सवाचं काम करणाऱ्यांनी तर हे घोटून ठेवावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचनांत विसर्जनाआधी, विसर्जनाच्या काळात आणि नंतर अशा तीन टप्प्यांत तपासणी सांगितली आहे. अनंत चतुर्दशी म्हणजे चौदावी तिथी: भरती साडेदहाच्या सुमाराला, ओहोटी साडेचारला. तुम्ही "आधीचा" नमुना गौरी-गणपतीच्या सुमाराला अष्टमीला दुपारी साडेचारला घेतलात, तर तेव्हा पाणी भरतीचं असतं. फरक दिसेल तो मूर्तींचा की चंद्राचा, हे मग कुणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी पंधरा दिवस आधीच्या कृष्ण चतुर्दशीला घ्या. भरती-ओहोटीची वेळ जवळपास तीच मिळते.

३. परवानगी आणि सोबत

सार्वजनिक चौपाटीवर दोन बाटल्या भरायला कुणी अडवत नाही, फक्त पन्नास प्रश्न विचारतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग (२०१५ साली घोषित, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आणि कांदळवनं यांच्यासाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी काढा. बंदर आणि नौदलाच्या हद्दीत ओळख काढून शिरायच्या भानगडीत पडू नका.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र, मराठीत, शिक्क्यासह (इंग्रजी पत्र दाखवलं तर हवालदार साहेबांना फोन लावतो, मराठी दाखवलं तर वाचून परत देतो)
- प्रत्येकाचं ओळखपत्र
- होडीच्या परवान्याची प्रत आणि तांडेलाचा (होडी चालवणाऱ्याचा) फोन नंबर
- जागांचा नकाशा, अक्षांश-रेखांशांसह
- नमुना कुणी घेतला, कुणाकडे दिला, किती वाजता पोचला याचा सह्यांचा कागद

होडी हवी असेल तर कोळीवाड्यात आठवडाभर आधी बोला. १ जूनला मासेमारीबंदी लागली आणि समुद्र खवळला की होडी मिळणं कठीण, म्हणून पावसाळ्यातल्या फेरीसाठी पुलावरून किंवा जेट्टीवरून घेता येतील अशा जागा आधीच हेरून ठेवा. आणि एकट्यानं जाऊ नका. ठाणे खाडीचा गाळ दिसतो घट्ट, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत गिळतो. माझी एक चप्पल ऐरोलीच्या बाजूला अजून तिथेच आहे.

४. सामान: बाटल्याच जास्त

नवखा माणूस मीटरवर पैसे घालतो आणि बाटल्यांवर वाचवतो. उलटं करा. एका जागेच्या एका नमुन्यासाठी एवढ्या बाटल्या लागतात:

- विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी ३०० मिलिलिटरची काचेची, घासलेल्या बुचाची बीओडी बाटली. बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) अशाच आणखी दोन
- नायट्रेट, नायट्राइट, अमोनिया, फॉस्फेटसाठी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लानं धुतलेली प्लॅस्टिकची
- धातूंसाठी नायट्रिक आम्लात भिजवून काढलेली जाड पॉलिथिनची. पाऱ्यासाठी वेगळी, काचेची किंवा टेफ्लॉनची
- तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बरणी

या धुण्यातच तीन खड्डे आहेत. धातूंची बाटली नायट्रिकनं धुतात म्हणून सगळ्याच नायट्रिकनं धुतल्या, तर नायट्रेटचा आकडा गेला. साध्या साबणानं धुतल्या तर फॉस्फेट गेला. आणि तेलाची बरणी नमुन्याच्या पाण्यानं खळबळायची नाही. तेल काचेला चिकटतं आणि पुढच्या पाण्यात मिसळून आकडा फुगतो. बाकीच्या बाटल्या खळबळायच्या, ही नाही. प्रयोगशाळेतही ती बरणी अख्खीच वापरतात, त्यातून थोडं ओतून घेत नाहीत, म्हणून ती गळ्यापर्यंत भरू नका.

बाकी: थर्मामीटर, पीएच मीटर, क्षारता बघायचा रिफ्रॅक्टोमीटर, दोरीची बादली किंवा नमुना घ्यायची निस्किन बाटली, बर्फाची पेटी, हातमोजे, पेन्सिल. बॉलपेनची शाई ओल्या लेबलवर पसरते, मार्करला स्पिरिटचा वास असतो. पेन्सिल टिकते.

५. पाण्याजवळ गेल्यावर

क्रम असा ठेवा. पोचल्याबरोबर वेळ, वारा, पाण्याचा रंग, वास, तवंग, भरती की ओहोटी, हे आधी लिहा. हे नंतर आठवत नाही, आठवतं असं फक्त वाटतं. मग तापमान, पीएच, क्षारता. मग ऑक्सिजनची बाटली सगळ्यांत आधी भरा, त्यानंतर बाकीच्या.

होडीत असाल तर इंजिन बंद करून, नाळेकडून (होडीच्या पुढच्या टोकाकडून), प्रवाह ज्या बाजूनं येतो त्या बाजूला घ्या. नाहीतर तुमच्याच डिझेलचा रिपोर्ट हातात येतो. पेट्रोलियम हायड्रोकार्बनसाठी पृष्ठभाग टाळून मीटरभर खोलीचं पाणी घेतात. अमोनियाच्या बाटलीबाबत मी एकदा फसलो होतो. तांडेलमामा माझ्या शेजारीच बिडी ओढत होते आणि त्या फेरीतले सगळे आकडे उंच आले. बिडी-सिगारेटच्या धुरात अमोनिया असतो आणि उघडी बाटली तो पटकन ओढते. तेव्हापासून बाटली बंद झाली की मीच त्यांना काडेपेटी देतो.

क्षारतेला नवखे लोक किंमत देत नाहीत, मी तिलाच सगळ्यांत जास्त देतो. मुंबईबाहेर समुद्राची क्षारता साधारण ३५, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. खाडीच्या तोंडाशी तुमच्या बाटलीत १४ आली, तर त्यात समुद्र चाळीस टक्के आणि नाल्याचं-नदीचं पाणी साठ टक्के. एवढी एक गोष्ट कळली की बाकीचे आकडे बोलायला लागतात. अमोनिया आडव्या अक्षावरच्या क्षारतेसमोर मांडा. ठिपके सरळ रेषेत उतरत गेले तर तो फक्त पातळ होतोय. मध्येच रेषेच्या वर उसळले, तर तिथे आणखी कुठला तरी नाला येऊन मिळतोय, जो तुमच्या नकाशात नाही. रिफ्रॅक्टोमीटर दर वेळी डिस्टिल्ड वॉटरनं शून्यावर आणायला विसरू नका.

दर फेरीला एक जागा दोनदा घ्या, वेगवेगळ्या नावांनी. आणि घरून आणलेलं शुद्ध पाणी एका बाटलीत, किनाऱ्यावरच उघडून, बाकीच्यांसारखंच हाताळून भरा. त्या कोऱ्या बाटलीत जस्त निघालं तर ते समुद्रातलं नाही, तुमच्या हातमोज्यातलं किंवा हवेतल्या धुळीतलं.

६. ऑक्सिजन, डोळ्यांनी

मीटर असला तरी विंकलरची पद्धत हातानं करायला शिका. ती १८८८ पासून चालत आलीय आणि अजून मीटरला तीच तपासते.

बाटलीत रबरी नळी तळापर्यंत सोडा आणि पाणी संथपणे भरू द्या. भरून वर वाहू द्या, बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया गेलं तरी चालेल. नळी हळूच काढा. आता एक मिलिलिटर मँगनीजचं द्रावण आणि एक मिलिलिटर अल्कधर्मी आयोडाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडा. बूच तिरकं लावा म्हणजे आत बुडबुडा अडकत नाही. उलटसुलट करा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी, कॉफीच्या गाळासारखा साका बनतो आणि ढगासारखा खाली बसत जातो. जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. मिठीच्या तोंडाशी सुकतीला हाच साका पांढराच राहतो. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मला वाटलं रसायन खराब झालंय. रसायन ठीक होतं, ऑक्सिजनच नव्हता.

साका बसला की सल्फ्युरिक आम्ल घालायचं, पाणी पिवळं-तांबूस होतं, मग थायोसल्फेटनं टायट्रेशन, म्हणजे ते थेंबाथेंबानं सोडत किती लागलं ते मोजायचं: फिकट पिवळं झाल्यावर स्टार्च, निळा रंग, आणि तो उडाला की थांबा. थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल आणि नमुना २०० मिलिलिटर घेतला तर लागलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. सांडपाण्यातला नायट्राइट अडथळा आणतो, म्हणून आयोडाइडमध्ये सोडियम अझाइड असतं. ते जहाल विष आहे. पिपेट तोंडानं ओढायची नाही, आणि त्याच्या साठ्याच्या बाटलीत आम्ल कधीही पडू द्यायचं नाही. पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर वहीत ठळक लिहा. तो हायड्रोजन सल्फाइड आयोडीन खातो आणि आकडा आणखी खाली ओढतो.

मीटर वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना: त्यात क्षारता भरा. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरला ७.८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.४ च्या. क्षारता शून्यावर ठेवलेला मीटर समुद्राला पाचव्या भागानं जास्त निरोगी दाखवतो. असे रिपोर्ट मी पुष्कळ पाहिले आहेत.

७. प्रयोगशाळा निवडताना

"एनएबीएल आहे का?" एवढं विचारून थांबू नका. एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, पण मान्यता कशासाठी आहे ते बघा. पिण्याच्या पाण्यासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा समुद्राचं पाणी आनंदानं घेते आणि तसंच यंत्रात घालते. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम मीठ असतं. त्या गर्दीत मायक्रोग्रॅममधलं शिसं शोधायचं तर आधी मीठ वेगळं काढून धातू दाट करून घ्यावे लागतात. फोनवर विचारा, "मीठ कसं काढता?" पलीकडे शांतता पसरली तर दुसरी बघा.

सीओडी (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) मागवूच नका. समुद्रात लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतो आणि नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीत तोच ऑक्सिडीकरण होऊन आकडा फुगवतो. मर्क्युरिक सल्फेट घालून तो दाबतात, पण इतका दाबला जात नाही. किनाऱ्याच्या रिपोर्टात सीओडी शेकड्यांत दिसला की मी पुढचं पान उलटतो.

सगळ्यांत मोठा सापळा तीन अक्षरांचा: बीडीएल, म्हणजे यंत्राच्या मोजण्याच्या सीमेखाली. एका प्रयोगशाळेनं आम्हाला पाऱ्यासमोर बीडीएल लिहून दिलं. आम्ही खूश. तळटीप वाचली तर त्यांची सीमा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम, आणि पहिल्या वर्गाच्या समुद्रासाठीची (वर्ग पुढच्या भागात सांगतो) मर्यादाच ०.०१. म्हणजे मर्यादेच्या दीडपट पारा असता तरी त्यांना तो दिसला नसता. पैसे मोजण्याआधी प्रत्येक घटकाची सीमा लेखी मागा.

पाणी वेळेत पोचवणं तुमचं काम. बीओडीचं पाणी बर्फात आणि त्याच दिवशी (आपल्याकडे तो २७ अंशांवर तीन दिवसांचा करतात), पोषकद्रव्यांचं (नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट वगैरे) गाळून बर्फात, धातूंचं गाळून आणि नायट्रिक आम्लानं पीएच दोनच्या खाली आणून. आम्ल आधी आणि गाळणं नंतर असं केलंत तर गाळातले धातूही विरघळून येतात.

८. आकडा कशाशी ताडायचा

केंद्रीय मंडळानं किनाऱ्याच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. मिठागरं, शिंपल्यांची शेती आणि संवेदनशील क्षेत्रं पहिल्यात. आंघोळ, पाण्यातले खेळ आणि व्यापारी मासेमारी दुसऱ्यात. तिसरा उद्योगांना थंडाव्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा, चौथा बंदरांचा, पाचवा जहाजवाहतूक आणि नियंत्रित सांडपाण्याचा. नवख्यांचं काम बहुतेक दुसऱ्याशी पडतं: पीएच ६.५ ते ८.५, ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (त्या पाण्यात मावेल तेवढ्या ऑक्सिजनच्या) निम्मा यांतला जो जास्त तो, बीओडी ३ पर्यंत. पिण्याच्या पाण्याचे निकष लावून "समुद्रात क्षार धोकादायक पातळीवर" असं लिहिलेला एक प्रकल्प अहवाल मी स्वतः तपासला आहे. मार्क दिले, पण फार नाही.

९. पैसे उरले तर गाळ

धातू आणि चिवट सेंद्रिय रसायनं पाण्यात फार वेळ थांबत नाहीत, गाळाला चिकटून तळाशी जातात. पाण्याचा नमुना त्या तासाचं सांगतो, गाळ मागच्या काही महिन्यांचं, कधी वर्षांचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यासारख्या जुन्या औद्योगिक भागाजवळ काम असेल तर मी पाण्याच्या दोन फेऱ्या कमी करून गाळाची एक करेन. लोखंडी ग्रॅबला (तळाचा गाळ उचलणाऱ्या पंजाला) टेकलेला भाग सोडून मधला वरचा थर प्लॅस्टिकच्या चमच्यानं उचला, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला भागच तपासायला द्या, आणि सोबत ॲल्युमिनियम मोजायला सांगा. वाळूच्या आणि चिखलाच्या जागांची तुलना धातूचा आकडा ॲल्युमिनियमच्या आकड्यानं भागल्याशिवाय होत नाही.

१०. आवराआवर

विंकलरचं वापरलेलं द्रावण, अझाइडचे उरलेले थेंब आणि प्रयोगशाळेत कुणी सीओडी केलाच असेल तर त्यातला पारा आणि चांदी, हे बेसिनमध्ये ओतायचं नाही. आम्लाचं आणि अझाइडचं वेगवेगळ्या कॅनमध्ये साठवा, वर तारीख आणि नाव लिहा. कॅन भरला की कॉलेजच्या किंवा प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर तळोज्याच्या केंद्राकडे जाऊ द्या. पावती मागून घ्या आणि त्याच फेरीच्या फाइलला लावा.